तीन वर्षांची सनद

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशाच्या अंगातून छत्तीसगड वेगळा काढण्यात आला आणि तोवर आयुक्ताच्या कचेरीपुरतेच सरकारी वैभव ठाऊक असलेल्या रायपूर शहराला एकाएकी राजधानीचा मान मिळाला, तेव्हा मंत्री, सचिव आणि त्यांच्या मागोमाग येणारे कारकून, शिपाई व दफ्तरांचे गठ्ठे यांना जागा कोठे द्यावी हा जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर शहरातल्या एका रुग्णालयाने दिले. तरेंग्याचे मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि रायपूरकरांच्या तोंडी ‘डी. के. अस्पताल’ या सुटसुटीत नावाने रुळलेल्या त्या वास्तूत नव्या राज्याचे मंत्रालय थाटले गेले. पुढे २०१२ साली मंत्रालयाने नव्या रायपुरात बिऱ्हाड हलवले आणि काही वर्षांनी ती इमारत पुन्हा रुग्णसेवेच्या कामी आली. परंतु मधली बारा वर्षे, ज्या राज्याची पहिली चणचण डॉक्टरांची होती त्या राज्याचे हुकूम रुग्णालयाच्या भिंतींआडून निघत होते. उपरोध शोधणाऱ्याला येथे फार शोध करावा लागत नाही.

चणचण म्हणजे किती, ते पाहावे. सोळा जिल्ह्यांच्या, सुमारे एक लक्ष पस्तीस हजार चौरस किलोमीटरांच्या या राज्याच्या वाट्याला वैद्यकीय महाविद्यालय आले एकच: १९६३ साली स्थापन झालेले रायपूरचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती महाविद्यालय. त्याला जोडलेले रुग्णालय लोकांच्या भाषेत ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाते. आजही सकाळी तेथील बाह्यरुग्ण विभागासमोर उभे राहिले, तर धमतरी, महासमुंद, गरियाबंद अशा दूरदूरच्या मुलखांतून गठुडी व डबे घेऊन आलेली कुटुंबे दिसतात. जवळजवळ अर्धे राज्य जंगलाखाली, सुमारे एक तृतीयांश प्रजा आदिवासी, आणि दक्षिणेस तो बस्तर, ज्याचा जुना अविभाजित जिल्हा एकटाच क्षेत्रफळाने केरळ राज्याहून मोठा होता. जगदलपूरहून रायपूर तीनशे किलोमीटर. अशा मुलखात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधणे हे सार्वजनिक बांधकाम खात्याला जमले. त्या इमारतीत डॉक्टर राहील अशी तजवीज करणे कोणालाच जमले नाही. शहरात वाढलेला, पाच-साडेपाच वर्षे शहरातच शिकलेला पदवीधर तैनातीचा हुकूम हाती पडताच एक तर बदलीची खटपट करी, नाही तर पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीला लागे, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढचा रोगी बैगा-गुनिया या गावठी वैदूंकडे किंवा ज्याला तिकडे ‘झोलाछाप’ म्हणतात त्या पिशवीवाल्या डॉक्टरकडे जाई.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटण्याचे कारण नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास गादी मांडल्यापासून १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, राजवट भोसल्यांची असो वा इंग्रजांची, छत्तीसगडचा कारभार बहुतेक काळ नागपूरकडे डोळे लावूनच चालला. रायपुरातील तात्यापारा ही वस्ती, चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ, वामनराव लाखे यांच्या नावाचा लाखेनगर हा भाग, या त्या संबंधाच्या खुणा आहेत. आणि माधवराव सप्रे यांनी १९०० साली ज्या पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, ते पेंड्रा या लेखात पुन्हा, अगदी निराळ्या कारणाने, येणार आहे.

अजित जोगी यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने २००१ साली छत्तीसगड चिकित्सा मंडळाचा कायदा संमत करून घेतला. त्यामागचा विचार वरकरणी साधा आणि आतून मोठा धाडसी होता. पदवीधर खेड्यात जात नसेल, तर खेड्यापाड्यांतल्याच बारावी झालेल्या मुलामुलींना तीन वर्षांत आधुनिक वैद्यकाचे आवश्यक तेवढे ज्ञान द्यावे, त्यांना केवळ ग्रामीण भागातच व्यवसाय करण्याची सनद द्यावी, आणि शहराची वाट कायद्यानेच बंद करावी. म्हणजे माणूस तयार होईल आणि टिकेलही. वैद्यक परिषदेच्या १९५६ च्या केंद्रीय कायद्याखाली असल्या अभ्यासक्रमाला संमती मिळणे दुरापास्त होते, म्हणून राज्याने स्वतःचे मंडळ निर्माण करून स्वतःचाच शिक्का तयार केला. वैद्यक परिषदेने आणि भारतीय वैद्यक संघटनेने त्याला कडाडून विरोध केला, हे सांगायलाच नको.

पण ही कल्पना नवी होती काय? ज्यांच्या आजी-आजोबांची पिढी लहान शहरांत किंवा तालुक्याच्या गावी वाढली, त्यांना फाटकाबाहेरच्या पाटीवरील ‘एल. सी. पी. एस.’ किंवा ‘एल. एम. पी.’ ही अक्षरे आठवतील. १९१२ साली मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या, पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलच्या आणि नागपूरच्या मेयो रुग्णालयाच्या आवारात १९१४ पासून चालणाऱ्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलच्या या लायसेन्शिएट डॉक्टरांनीच मध्यप्रांत-वऱ्हाडापासून कोकणापर्यंतचा ताप, बाळंतपण आणि मोडलेले हाड सांभाळले. पदवीधरापेक्षा त्यांचे शिक्षण थोडे कमी मुदतीचे आणि पुष्कळ कमी खर्चाचे असे. त्यांचा दर्जा दुय्यम मानला जाई. परंतु रात्री-अपरात्री कंदील घेऊन दाराशी आलेल्या माणसाला तो दर्जा विचारण्याची फुरसत नसे. सर जोसेफ भोर (हे गृहस्थ नाशिकला जन्मलेले आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले, ही गोष्ट आपण मराठी मंडळी सहसा विसरतो) यांच्या समितीने १९४६ साली आपला सुप्रसिद्ध अहवाल सादर केला, तेव्हा देशातील सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी तीस हजारांच्या आसपास लायसेन्शिएट होते. म्हणजे पाचांत तीन. आणि त्याच समितीने, काही सभासदांचा विरोध डावलून, यापुढे देशात एकाच प्रकारचा, पूर्ण पदवीचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा, लायसेन्शिएटांच्या शाळा बंद कराव्यात किंवा त्यांची महाविद्यालये करावीत, अशी शिफारस केली. रॉबर्टसनची जागा १९४७ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने घेतली.

समितीचा हेतू उदात्त होता, याविषयी मला शंका नाही. खेड्यातल्या माणसाला कमी प्रतीचा डॉक्टर का द्यावा, हा तिचा प्रश्न न्यायाचाच होता. परंतु पुढील पन्नास वर्षांत खेड्यातल्या माणसाला कोणत्याच प्रतीचा डॉक्टर मिळाला नाही, आणि न्यायाच्या या हिशेबात ती रक्कम कोणी मांडली नाही.

छत्तीसगडने २००१ मध्ये मोडलेला तो धागा पुन्हा हाती घेतला. अंबिकापूर, जगदलपूर, कवर्धा, कांकेर, कटघोरा आणि सप्र्यांचे ते पेंड्रा, अशा सहा ठिकाणी तीन वर्षांच्या संस्था निघाल्या. स्थळे पाहावीत: सारीच्या सारी रायपूर-बिलासपूरच्या झगमगाटापासून दूर, आणि बहुतेक जंगलाच्या कडेला. जिल्हा रुग्णालयातल्या खाटांवर शिकायचे, तेथील डॉक्टरांनीच शिकवायचे, त्यानंतर आंतरवासिता करायची, असा बेत होता. बेतात कसूर नव्हती, अंमलात होती. संस्था शासकीय देखरेखीखाली परंतु खासगी चालकांच्या हाती गेल्या, शुल्क आले, अध्यापकांची वाण पडली. ज्या राज्यात रोगी तपासायला डॉक्टर नाही त्या राज्यात शिकवायला तरी तो कोठून आणावा, ही अडचण कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांना दिसली नसेल असे नाही; परंतु मनुष्यबळ वाढवण्याच्या बहुतेक सरकारी योजना विद्यार्थ्यांच्या संख्येपासून सुरू होतात आणि शिक्षकांच्या संख्येपाशी अडतात, तसेच येथे घडले.

मग नावाचा तंटा उभा राहिला. पदविकेच्या नावात ‘आधुनिक वैद्यक’ असावे की ‘पर्यायी वैद्यक’, की ‘समग्र’ या गोंडस विशेषणाने दोन्ही बाजूंचे तोंड बंद करावे, यावर फेरबदल होत राहिले. वैद्यक संघटनेचा आक्षेप आला की नाव सौम्य होई; नाव सौम्य झाले की विद्यार्थी संपावर जात, कारण आधुनिक वैद्यक शिकवून ‘पर्यायी’ असा शिक्का देणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने उघड फसवणूक होती. प्रकरण न्यायालयात गेले. एकंदर सुमारे चौदाशे मुलामुलींनी प्रवेश घेतल्यावर नवे प्रवेश थांबले आणि २००८ च्या सुमारास तो अभ्यासक्रम कायमचा गुंडाळला गेला. शिकून बाहेर पडलेल्यांचे काय करावे, हे सरकारला प्रथम उमगले नाही. त्यांना खासगी व्यवसायाची मोकळीक द्यावी तर वाद वाढणार, न द्यावी तर तीन वर्षे मातीत जाणार. अखेर केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसा हाताशी आला आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांवर ‘ग्रामीण वैद्यक सहायक’ म्हणून नेमण्यात आले. राज्यभर त्यांना ‘आर. एम. ए.’ म्हणतात. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा सहायक झाला; मात्र ज्याचे साहाय्य करायचे तो वैद्यकीय अधिकारी अनेक केंद्रांवर मुळात नव्हताच.

येथून पुढची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण एवढ्या गोंगाटानंतर कोणीतरी थंड डोक्याने मोजमाप केले. भारतीय सार्वजनिक आरोग्य प्रतिष्ठान, राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र आणि रायपूरचे राज्य आरोग्य संसाधन केंद्र यांनी मिळून छत्तीसगडच्या प्राथमिक केंद्रांवर जे चार प्रकारचे लोक रोग्याला तपासत होते, म्हणजे पदवीधर वैद्यकीय अधिकारी, आयुष पद्धतींचे अधिकारी, ग्रामीण वैद्यक सहायक, आणि कोणीच नसेल तेथे परिचारिका वा औषधनिर्माते, त्यांची तुलना केली. मलेरिया, अतिसार, न्यूमोनिया, क्षय, मधुमेह, गर्भवतीचा वाढता रक्तदाब अशा नित्याच्या व्याधींची वर्णने त्यांच्यापुढे ठेवून ते काय विचारतात, काय तपासतात, कोणते औषध लिहितात हे पाहिले. त्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या चाळल्या. रोग्यांना आणि गावकऱ्यांना विचारले. २०१० साली आलेल्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा की, प्राथमिक केंद्रावर येणाऱ्या सर्वसाधारण आजारांच्या बाबतीत तीन वर्षे शिकलेला सहायक आणि पदवीधर अधिकारी यांच्या कुवतीत फरक आढळला नाही. आयुष अधिकारी काहीसे मागे, आणि ज्यांना हे काम कधी शिकवलेच नव्हते ते सर्वांत मागे. गावकरी तर या सहायकांना सरळ ‘डॉक्टर’ म्हणत होते.

आता येथे सावध राहिले पाहिजे. त्याच अहवालात असेही दिसते की, एकूण कुवत कोणाचीच वाखाणण्याजोगी नव्हती आणि सुधारणेला सर्वांनाच वाव होता. म्हणजे सहायक पदवीधराच्या उंचीला पोचला, पण ती उंची मुळात फारशी नव्हती. शिवाय जे मोजले ते नेहमीचे आजार होते. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेले मूल, मेंदूत शिरलेला मलेरिया यांच्यापुढे तीन वर्षांची विद्या किती टिकते, याचे उत्तर कागदावरच्या रोग्याकडून मिळत नाही. एवढे मान्य करूनही मूळ गोष्ट उरतेच. ज्या अभ्यासक्रमाला निकृष्ट म्हणून न्यायालयात खेचले, तो बंद पडून दोन वर्षे झाल्यावर सिद्ध झाले की, ज्या कामासाठी तो आखला होता ते काम त्याने शिकवले होते.

शिकवण्याचे काम साधले आणि फसले ते पुढचे, असे माझे मत आहे. सनद देताना या मुलामुलींना पुढची पायरी दिली नाही. दहा वर्षांच्या चाकरीनंतर काय? आणखी अभ्यास करून पदवीच्या वर्गात शिरता येईल काय? वरच्या हुद्द्यावर बढती आहे काय? आफ्रिकेतील मोझांबिकने १९८४ पासून पदवीधर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षे शिकवून शस्त्रक्रियेचे तंत्रज्ञ तयार केले, आणि तेथील जिल्हा रुग्णालयांतल्या सिझेरियन शस्त्रक्रियांचा फार मोठा भार त्यांनी उचलला; कारण आरोग्य खात्याच्या आराखड्यात त्यांची जागा आधी ठरली होती आणि वर्ग मागाहून भरले. आपल्याकडे वर्ग आधी भरले आणि जागेचा शोध सात वर्षांनी लागला. मधल्या काळात त्या चौदाशे कुटुंबांनी जे सोसले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

सनदेचा कायदा काढणाऱ्या याच सरकारी दफ्तरांतून, त्याच सुमारास, दुसरी एक तजवीज निघाली होती. तिला इमारत नव्हती, पदविका नव्हती, आणि सुरुवातीला मानधनही नव्हते. रायपूरला २००२ च्या आरंभी शासनाचे अधिकारी आणि राज्यात वर्षानुवर्षे लोकांच्या आरोग्याचे काम करणारी मंडळी एकत्र बसली. या राज्यात अशा कामाची परंपरा होतीच: दल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली उभारलेले शहीद रुग्णालय १९८३ पासून चालत होते, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुण डॉक्टरांच्या एका गटाने बिलासपूरजवळच्या गनियारीत ‘जन स्वास्थ्य सहयोग’चा नुकताच प्रारंभ केला होता. त्या विचारविनिमयातून ‘मितानिन’ योजना जन्मली. दोन मुलींनी देवासमक्ष जन्माचे सख्य बांधून घ्यावे आणि मग दोन्ही घरांनी ते नाते रक्ताच्या नात्यासारखे पाळावे, ही छत्तीसगडी रीत. तिचेच नाव या आरोग्यसखीला मिळाले. गावाची नव्हे तर प्रत्येक पाऱ्याची, म्हणजे गावातल्या वाडी-वस्तीची, एक मितानिन. आणि ती निवडायची पाऱ्याने. तिच्या निवडीआधी कलापथके गावोगाव फिरली, सभा झाल्या. शिक्षणाची अट जवळजवळ नव्हतीच; अनेक मितानिनी निरक्षर होत्या.

महाराष्ट्राला हे चित्र ओळखीचे आहे. जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून, मांडव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी, आणि गडचिरोलीला डॉ. अभय व राणी बंग यांनी साध्या ग्रामीण स्त्रियांना जे शिकवून दाखवले, त्याचाच हा राज्यव्यापी विस्तार म्हणता येईल. परंतु एका तालुक्यात प्रतिभावान डॉक्टराच्या डोळ्यांखाली जे साधते ते साठ हजार पाऱ्यांत शासकीय यंत्रणेकडून साधेल काय, ही शंका तेव्हा पुष्कळांना होती, आणि ती रास्तही होती. तिचे उत्तर शिक्षणाच्या रीतीत सापडते. मितानिनीला एकदाच बोलावून, प्रमाणपत्र देऊन वाटेला लावले नाही. थोडे शिकवायचे, पाऱ्यात पाठवायचे, काही महिन्यांनी पुन्हा बोलवायचे, असे फेऱ्यांमागून फेऱ्या वर्षानुवर्षे चालले, आणि साधारण वीस मितानिनींमागे एक प्रशिक्षिका त्यांच्या दाराशी जाऊन शिकवलेले कितपत मुरले ते पाहत राहिली. ती प्रशिक्षिकाही बहुधा मितानिनींतूनच वर आलेली. शिकवणारा कोठून आणावा, या ज्या प्रश्नापाशी पेंड्रा-कटघोऱ्याच्या संस्था अडखळल्या, तो येथे असा सुटला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हा देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्तीचा नमुना म्हणून मितानिनकडे पाहिले गेले. आज राज्यात सत्तर हजारांच्या आसपास मितानिनी आहेत. काही परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या पेशात शिरल्या, काही पंचायतीवर निवडून गेल्या. राज्याच्या जन्मवर्षी तेथील अर्भकमृत्युदर हजारी ७९ होता. २०२० साली तो ३८ होता. याचे श्रेय एकट्या मितानिनीला देणे अप्रामाणिक ठरेल, कारण रस्ते, लसी, रास्त भावाचे धान्य, मुलींचे वाढते शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. पण तिला वगळून हा उतार समजावून देता येईल, असेही मला वाटत नाही. तक्रारही नोंदवली पाहिजे: जिच्या श्रमावर एवढी मोठी इमारत उभी राहिली, तिला सरकार आजही कर्मचारी मानत नाही, आणि मानधनासाठी रायपुरात धरणे धरून बसलेल्या मितानिनी हे शहराला सवयीचे दृश्य झाले आहे.

तीन वर्षांच्या सनदेचा वाद मात्र इतरत्र चालू राहिला. आसामने २००४ साली असाच कायदा करून जोरहाटला संस्था काढली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायदा रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राचा, राज्याला तो परस्पर बजावता येणार नाही, असा त्याचा इत्यर्थ; मात्र शिकून बाहेर पडलेल्यांना सामुदायिक आरोग्य कर्मचारी म्हणून सामावून घेणारा आसामचा पुढचा कायदा न्यायालयाने उचलून धरला. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात केंद्राने स्वतःच मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्यसेवकाची तरतूद घातली होती, संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी अशा अटीसह. त्यावरून देशभरच्या डॉक्टरांनी जुलै २०१९ मध्ये संप केला. छत्तीसगडच्या वाटेने चालण्याची परवानगी छत्तीसगडला नव्हती. दिल्लीला ती कायद्यानेच मिळाली.

दरम्यान, १४ एप्रिल २०१८ रोजी पंतप्रधानांनी देशातील पहिल्या आरोग्य व स्वास्थ्य केंद्राचे उद्घाटन केले ते याच राज्यात, विजापूर जिल्ह्यातील जांगला या गावी. उपकेंद्राच्या पातळीवर जो नवा माणूस तेथे नेमायचा, त्याचे नाव सामुदायिक आरोग्य अधिकारी. तो बहुधा परिचारिकेची पदवी घेऊन सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम केलेला. वैद्यक संघटनेला परिचारिकेचा हा विस्तार तीन वर्षांच्या डॉक्टरापेक्षा कमी खुपला, आणि म्हणून तो टिकला, असे माझे अनुमान आहे. राज्य सरकारने एव्हाना दुर्गमतेनुसार गावांची प्रतवारी लावून त्या प्रमाणात भत्ता देणारी योजना आणली आहे, पदवीधर अधिकाऱ्यांना अठरा आठवड्यांत भूल देण्याचे आणि सोळा आठवड्यांत तातडीच्या प्रसूतीचे कौशल्य शिकवण्याचे वर्ग चालवले आहेत, आणि २००० मध्ये एकटे असलेले महाविद्यालय आज अनेकांतील एक झाले आहे: बिलासपूर, जगदलपूर, रायगड, राजनांदगाव, अंबिकापूर, कांकेर, कोरबा, महासमुंद. रायपूरच्या टाटीबंध भागात २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. त्या नव्या महाविद्यालयांपैकी जगदलपूर, अंबिकापूर आणि कांकेर ही गावे त्या जुन्या सहांच्या यादीतलीच. जेथे तीन वर्षांची संस्था परवडत नव्हती, तेथे पूर्ण महाविद्यालय उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथून निघणारा पदवीधर बस्तरच्या आडरानातल्या कोंटा किंवा ओरछा येथे जाऊन राहील, असे मानण्यास भोर समितीपेक्षा अधिक आधार आज आपल्यापाशी आहे काय?

ग्रामीण वैद्यक सहायक आता चाळिशीच्या आसपास पोचले आहेत. त्यांच्यामागून येणारी तुकडी नाही. राज्याला मनुष्यबळ वाढवायचे असेल तर नव्या प्रवेशांची जाहिरात काढण्यापूर्वी या हाताशी असलेल्या, पारखून घेतलेल्या, गावाने मानलेल्या माणसांसाठी काही जागा आखून द्याव्यात: अनुभवाच्या आधारे वैद्यकीय पदवीच्या वर्गात राखीव प्रवेश, ते न मिळणाऱ्यांना सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांवर देखरेखीचा हुद्दा, आणि ज्यांना हे दोन्ही नको त्यांना निदान पदनामातला ‘सहायक’ हा शब्द काढून टाकण्याचा पर्याय. यांतील पहिल्या मागणीला केंद्राची संमती लागेल आणि ती मिळणे कठीण आहे. उरलेल्या दोन नव्या रायपुरातल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि त्यांना खर्च येईल तो जवळजवळ कागदाचा.